तालीम आणि योगासन : एका संगमाचा इतिहास

शरीरसंवर्धनाविषयी आपल्या समाजात दोन पक्ष पूर्वापार चालत आलेले आहेत. पहिल्या पक्षाच्या मते जोर, बैठका, जोडी, मल्लखांब आणि कुस्ती हाच काय तो व्यायाम. आसन घालून श्वास मोजीत बसणे हा वृद्धांचा व विरक्तांचा मार्ग. दुसऱ्या पक्षाच्या मते घाम गाळून दंड फुगविणे ही केवळ देहाची हौस. खरे आरोग्य योगसाधनेतच आहे. काळ पालटला तरी हा भेद मिटलेला नाही. तालमीची जागा बव्हंशी जिमने घेतली आणि योगासने मठातून निघून शाळेच्या पटांगणावर व सरकारी मैदानावर आली, एवढाच काय तो फरक. एकाच घरात नातू लोखंड उचलतो, आजोबा अनुलोम-विलोम करतात, आणि दोघेही एकमेकांच्या साधनेकडे किंचित उपहासाने पाहतात. घरातील गृहिणीच्या वाट्यास बहुधा दोहोंपैकी काहीच येत नाही.

आमच्या मते या वादाचा निकाल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लागलेला आहे, आणि तो लावण्यात आपल्या महाराष्ट्राचा व बडोद्याचा वाटा फार मोठा आहे. विशेष ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, योगाला व्यायामाच्या पंक्तीस आणून बसविणाऱ्या पुरुषांपैकी कित्येक जण मुळात तालमीतून आलेले होते. बळाची साधना कोठवर पोहोचते आणि कोठे अपुरी पडते, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलेले होते. म्हणूनच त्यांनी एकीच्या जागी दुसरी आणली नाही. दोहोंची कामे वेगळी आहेत असे ओळखून त्यांची सांगड घातली. तो इतिहास ज्ञातिबंधू-भगिनींपुढे संक्षेपाने मांडावा आणि त्यातून आजच्या पिढीस काय घेता येईल याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

ग्रंथांतील दोन प्रवाह

प्राचीन ग्रंथ पाहिले तर बलसाधना आणि योगसाधना हे दोन स्वतंत्र प्रवाह दिसतात, व त्यांत काही अंशी विरोधही आढळतो. आयुर्वेदाने व्यायामाची स्तुती केली, पण त्यास मर्यादाही घातली. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेही आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा असे सांगितले आहे. चरक व सुश्रुत यांनी अतिव्यायामापासून होणारे अपाय नोंदविले आहेत. व्यायाम हा गुणकारी असला तरी मात्रेत घ्यावयाचा पदार्थ आहे, ही जाणीव येथे स्पष्ट आहे.

हठयोगाच्या ग्रंथांचा रोख याहून निराळा आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या असून त्यांत अत्याहाराच्या पाठोपाठ 'प्रयास' म्हणजे अतिश्रम याची गणना केली आहे. याच ग्रंथात पुढे साधकाने शरीरास क्लेश देणारी कर्मे टाळावीत असे म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकातील टीकाकार ब्रह्मानंद याने आपल्या 'ज्योत्स्ना' टीकेत या क्लेशकारक कर्मांची उदाहरणे दिली आहेत. त्यांत पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि जड भार वाहणे या दोन गोष्टी आहेत! आज सूर्यनमस्कारालाच योग समजणाऱ्या वाचकांस हे वाचून नवल वाटेल. परंतु त्यामागील कारण सरळ आहे. दीर्घकाळ स्थिर बसून प्राणायाम करू इच्छिणाऱ्यास दमछाक नको असते. मल्लास मात्र दमछाकीतूनच दम कमवावयाचा असतो. ज्याचे ध्येय वेगळे, त्याचे पथ्यही वेगळे.

मल्लविद्येचेही स्वतःचे वाङ्मय होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांच्या मेहनतीस 'श्रम' असे नाव असून, वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातील सलिलश्रम आणि खांबावरील स्तंभश्रम असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. आपल्या मल्लखांबाचा हा फार जुना उल्लेख होय. पुढे गुजराथेतील ज्येष्ठीमल्ल या ज्ञातीचे 'मल्लपुराण' झाले. मल्लविद्या हाच त्या ज्ञातीचा कुलधर्म होता. या पुराणात श्रमाच्या प्रकारांबरोबर काही आसनांचीही गणना आहे. म्हणजे मल्लांनी योग्यांकडून काही घेतले होते, किंवा दोघांनीही एकाच जुन्या भांडारातून घेतले होते. कोणी कोणाकडून घेतले हा पंडितांचा प्रश्न आहे. दोघांमध्ये भिंत नव्हती, एवढे मात्र निश्चित.

मराठी तालीम

महाराष्ट्रात बलोपासनेस धर्माचे अधिष्ठान समर्थ रामदासांनी दिले. गावोगावी मारुतीची स्थापना आणि तिच्या सान्निध्यात तालीम, ही जोडी त्या परंपरेची खूण होय. तालमीतील हौदा, त्यातील तेल, ताक व हळद घालून मळलेली तांबडी माती, भिंतीशी उभ्या केलेल्या जोड्या, दगडी नाल आणि कोपऱ्यातील मारुती, हे चित्र आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांस परिचयाचे असेल. वस्तादाच्या देखरेखीखाली पोराने प्रथम माती खणावी, मग जोर-बैठका काढाव्यात, आणि त्यानंतरच लढतीस उतरावे, असा क्रम असे. शिस्त, ब्रह्मचर्य आणि खुराक ही या शाळेची तीन पथ्ये होती.

उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या काळी, बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. त्यांची शिष्यपरंपरा पुढे काशीपर्यंत पसरली. सागवान अथवा शिसवी लाकडाचा गुळगुळीत खांब, त्यास लावलेले एरंडेल, आणि त्यावर चढून, उलटून, वेढे घेऊन केलेल्या उड्या व पकडी, हा व्यायाम मूळचा कुस्तीस पूरक म्हणून होता. परंतु मल्लखांबावरील पटू जेव्हा खांबाच्या टोकावर पद्मासन घालून स्थिर होतो, तेव्हा तो मल्ल आहे की योगी, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो. बळ, लवचिकपणा आणि तोल हे तिन्ही गुण तेथे एकत्र आलेले असतात. तालमीने योगातील काही अंश न बोलता आत्मसात केला होता तो असा. मात्र त्यात एक गोष्ट उणी होती. शरीर शांत कसे करावे, श्वास कसा ताब्यात आणावा आणि श्रमानंतर मन कसे स्थिर करावे, याचे पद्धतशीर शिक्षण तालमीत नव्हते. तरुणपणी पहाडासारखा असलेला पैलवान मेहनत सुटल्यावर उतारवयात स्थूल व सांधेदुखीने जर्जर झालेला दिसे, हे अनेकांनी पाहिले आहे.

बडोदे ते लोणावळे

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय मुख्यतः ज्यांस द्यावे लागेल ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झालेले पुरुष. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजराथेतील डभोई येथे एका महाराष्ट्रीय कुटुंबात झाला. सयाजीराव महाराजांचे बडोदे हे त्या काळी व्यायामविद्येचे मोठे पीठ होते. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली गुणे यांनी १९०७ ते १९१० या काळात देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकराव हे कुस्ती, लाठी, मल्लखांब इत्यादी विद्यांत निष्णात तर होतेच. शिवाय देशी भाषेतील हुकुमांवर शेकडो मुलांकडून एकाच वेळी कवायत करवून घेण्याची पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. व्यायाम ही थोड्या निवडक पैलवानांची मिरास नसून साऱ्या तरुण पिढीची गरज आहे, ही दृष्टी गुणे यांना येथेच लाभली.

पुढे १९१९ मध्ये नर्मदातीरावरील मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याची व त्यांची भेट झाली. योगमार्ग त्यांना येथे गवसला. परंतु तो गवसल्यावर त्यांनी पूर्वीची विद्या टाकून दिली नाही. अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केल्यानंतर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम आश्रम स्थापन केला आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. या आश्रमाचे वैशिष्ट्य असे की, त्यात ध्यानाच्या खोलीइतकेच प्रयोगशाळेस महत्त्व होते. उड्डियान व नौली या क्रिया करताना पोटात नेमके काय घडते, हे क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने त्यांनी तपासले. त्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खाली जातो असे आढळून आले. या निर्वात अवस्थेस त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. गुरुभक्ती आणि शास्त्रीय तपासणी यांचा असा मिलाफ विरळा म्हणावा लागेल.

आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट म्हणजे कुवलयानंदांनी केलेला भेद. स्नायूंचे बळ वाढविणारे व्यायाम वेगळे आणि आसने वेगळी, असे त्यांनी निक्षून सांगितले. जोर मारताना स्नायू झटक्याने व वारंवार आकुंचन पावतो, श्वास वेगाने चालतो. आसनात शरीर सावकाश एका स्थितीत नेऊन तेथे सुखाने ठेवावयाचे असते. ओढाताण करावयाची नसते. जोर मारताना पाठीचा कणा मागे वाकतो आणि भुजंगासनातही वाकतो. परंतु पहिल्यात हेतू छाती-दंडांच्या मेहनतीचा, दुसऱ्यात कण्याच्या लवचिकपणाचा. एकाच आकृतीचे हे दोन उपयोग आहेत. म्हणून त्यांनी साधकांस सूचना दिली की, दोन्ही प्रकार करावयाचे असल्यास ते एकमेकांत मिसळू नयेत. दोहोंमध्ये सुमारे २० मिनिटांचे अंतर असावे. ज्यास शेवटी मनाची शांतता हवी त्याने आसने शेवटी करावीत, आणि ज्यास अंगात तरतरी हवी त्याने मेहनतीचा व्यायाम शेवटी ठेवावा. नियम अगदी साधा आहे; परंतु दोन्ही विद्या जाणणाऱ्यासच तो सुचण्याजोगा होता.

१९२७ पासून कुवलयानंदांनी मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवरही काम केले. १९३६ मध्ये त्यांचे 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शाळेतील वर्गास एकत्र करता येतील अशी सोपी यौगिक आवर्तने त्यात आहेत. माणिकरावांची संघकवायत आणि माधवदासजींची आसने, या दोन गुरूंचे देणे त्या एका लहानशा पुस्तकात एकत्र आले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे देहावसान झाले; कैवल्यधामाचे कार्य मात्र पुढे चालूच राहिले.

माधवदासजींचा दुसरा एक शिष्यही येथे स्मरणीय आहे. सुरत प्रांतातील मणिभाई हरिभाई देसाई हे विद्यार्थिदशेत आखाड्याचे मोठे शौकीन होते. तेच पुढे श्रीयोगेंद्र झाले आणि १९१८ च्या अखेरीस त्यांनी वेसावे येथे योगसंस्था स्थापन केली. गृहस्थाश्रमी माणसास झेपेल असा योग शिकविणे हा तिचा बाणा होता. एकाच गुरूचे हे दोन्ही शिष्य आखाड्यातून आलेले असावेत, हा केवळ योगायोग नव्हे असे आम्हांस वाटते.

औंधचे नमस्कार

याच सुमारास औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार हाती घेतला. त्यांची कथा आजच्या जिममधील तरुणांस फार जवळची वाटेल. युजेन सँडो हा बलवान पुरुष त्या काळी साऱ्या जगात गाजत होता. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. बाळासाहेबांनी सँडोची पुस्तके व उपकरणे मागवून सुमारे १० वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. उपकरण नको, खर्च नको, जागा हातभर लांब, आणि लहान-थोर, स्त्री-पुरुष सर्वांस करता येईल असा हा व्यायाम आहे, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन होते. संस्थानातील शाळांत मुलांप्रमाणे मुलींसही नमस्कार शिकविण्यात आले, आणि राजघराण्यातील स्त्रियाही नमस्कार घालीत. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले व नमस्कारांची कीर्ती परदेशी पोहोचली.

येथे एक बारकावा लक्षात ठेवला पाहिजे. नमस्कार हे त्या काळी बहुतेकांच्या दृष्टीने उपासनेशी जोडलेला व्यायाम होते. हठयोगाच्या आसनांत त्यांची गणना होत नसे. जोर आणि आसने यांच्या मधला तो एक पूल होता. पुलावरून दोन्ही तीरांस जाता येते, परंतु पुलालाच तीर समजू नये. आज १०८ नमस्कार घालून 'योग झाला' म्हणणाऱ्यांनी आणि 'व्यायाम झाला' म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. नमस्कारात मंत्रासह श्वास व मनाची एकाग्रता आहे, हा योगाचा अंश. छाती, दंड व मांड्या यांस श्रम आहे, हा तालमीचा अंश. दोन्ही अंश आहेत, परंतु कोणताही पूर्णत्वाने नाही.

इतर प्रांतांतील साधक

हा संगम केवळ महाराष्ट्रात व बडोद्यातच झाला असे नव्हे. बंगळूर येथे के. व्ही. अय्यर हे बारबेलने शरीर कमावणारे नामांकित व्यायामपटू. त्यांनीही आपल्या शिष्यांस वजनाच्या जोडीला हठयोग व सूर्यनमस्कार सांगितले. कलकत्त्यात परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू विष्णुचरण घोष यांनी १९२३ मध्ये व्यायामशाळा काढून वजने, स्नायुनियंत्रण आणि आसने यांचा एकत्र अभ्यासक्रम चालविला. त्यांचे शिष्य मनतोष राय यांनी १९५१ मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटाचा किताब मिळविला आणि पुढे योगासनांचेही शिक्षण दिले. वजन उचलणाऱ्याचे अंग ताठ होते व आसने करणाऱ्याचे अंग सैल पडते, या दोन्ही समजुतींस हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

म्हैसूरच्या राजवाड्यात तिरुमलै कृष्णमाचार्य हे १९३३ पासून योगशाळा चालवीत होते. तेही लोणावळ्याचे काम पाहण्यासाठी कैवल्यधामास येऊन गेले होते. त्यांचेच मेहुणे व शिष्य बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हे १९३७ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून केवळ सहा महिन्यांसाठी आले. हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी बालपणीच खंगलेला तो १८ वर्षांचा कृश मुलगा, आणि समोर मैदानी खेळांत तरबेज झालेले धष्टपुष्ट विद्यार्थी, असा तो प्रसंग होता. अय्यंगार पुण्यात राहिले ते कायमचेच. आसनातील प्रत्येक सांध्याची व स्नायूची ठेवण बिनचूक असावी, आणि अशक्त वा जायबंदी माणसास पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची यांचा आधार द्यावा, ही त्यांची पद्धत जगभर मान्य झाली. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन त्यांचे शिष्य झाले, आणि पुढे सचिन तेंडुलकर याच्यासारख्या खेळाडूनेही त्यांचे मार्गदर्शन घेतले. २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले.

संस्थात्मक कार्यात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा उल्लेख अपरिहार्य आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ व व्यायाम यांची प्रात्यक्षिके करून दाखविली. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध करून देशी-विदेशी व्यायामांचे अफाट भांडार एकत्र बांधले. १९३८ मध्ये कांदिवली येथे सरकारी शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले आणि व्यायामशिक्षक हा शाळेतील एक प्रशिक्षित गुरू ठरला. ज्या विद्या पूर्वी वस्ताद आणि साधू यांच्या ओठांवर होत्या, त्या अशा रीतीने अवघ्या एका पिढीत सर्वांस खुल्या झाल्या.

आजच्या ज्ञानाची कसोटी

पूर्वसूरींविषयी आदर बाळगूनही त्यांचे म्हणणे आजच्या ज्ञानावर घासून पाहिले पाहिजे. स्वामी कुवलयानंदांनीच ती दृष्टी आपणांस दिली आहे. त्या काळी अमुक आसनाने अमुक ग्रंथी सुधारते अशी विधाने सर्रास केली जात. सर्वांगासनाने गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा रोग बरा होतो, असे आजही कित्येकांच्या तोंडी असते. त्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही, आणि त्या भरवशावर औषध थांबविणे धोक्याचे आहे. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्याने शीर्षासन करू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी कमरेतून पुढे जोराने वाकण्याची आसने टाळावीत.

दुसऱ्या बाजूस, स्नायू व हाडे बळकट करावयाची तर त्यांवर क्रमाक्रमाने वाढता भार द्यावा लागतो, हे निर्विवाद आहे. नवशिक्यास आसनांनी काही बळ येते. परंतु आपल्या देहाचे वजन ही त्यांची मर्यादा असल्याने ते लवकरच एका पातळीवर थांबते. उतारवयात स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो आणि मांडीचे हाड मोडते. हा अनेक घरांचा अनुभव आहे. त्यावर बलवर्धक व्यायाम आणि तोल राखण्याचा अभ्यास, हे दोन्ही मिळून उत्तम उपाय ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांतही प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम सांगितला आहे. वृद्धांसाठी तोलाचे व्यायामही त्यात जोडले आहेत.

मग योगाचे काम कोणते? सांध्यांची हालचाल मोकळी ठेवणे, कण्यास लवचिकपणा देणे, श्वास संथ करून शरीरास विश्रांतीच्या अवस्थेत नेणे, आणि आपल्या शरीराकडे लक्ष देण्याची सवय लावणे, ही ती कामे होत. खेळाडूस यातील शेवटचे दोन लाभ अमोल आहेत. श्रम करणे जितके महत्त्वाचे, तितकेच श्रमातून सावरणे महत्त्वाचे. स्नायू वाढतो तो वजन उचलताना नव्हे, तर नंतरच्या विश्रांतीत व झोपेत. आणखी एक गोष्ट प्रयोगांनी आढळून आली आहे. एखादा स्नायू एक मिनिटाहून अधिक काळ ताणून धरला आणि लगेच त्याच्याकडून पुरा जोर मागितला, तर त्याची शक्ती काहीशी कमी भरते. यास्तव वजन उचलण्यापूर्वी हलक्या हालचालींनी अंग गरम करावे, आणि दीर्घकाळ धरावयाची आसने मागाहून अथवा स्वतंत्र वेळी करावीत. कुवलयानंदांनी जे २० मिनिटांचे अंतर अनुभवाने सांगितले, त्या मार्गानेच आजचे शास्त्रही जाते, हे पाहून समाधान वाटते.

आपल्या ज्ञातीपुढील कार्य

या इतिहासापासून आपण तीन बोध घ्यावेत असे आम्हांस वाटते. पहिला मात्रेचा. जिममध्ये सहा महिन्यांत शरीर 'दिसावे' म्हणून वैद्याच्या सल्ल्याशिवाय स्टेरॉइडची इंजेक्शने घेणारे तरुण आज गावोगावी आढळतात. हृदय, यकृत व पुरुषत्व यांवर त्यांचा घातक परिणाम होतो. अर्ध्या शक्तीचा नियम सांगणाऱ्या वाग्भटाचा आणि पहिले वर्ष माती खणावयास लावणाऱ्या वस्तादाचा धीर या मुलांस कोणीतरी शिकविला पाहिजे. मुलाने मागितलेल्या पावडरीचे पैसे देण्यापूर्वी तिच्या डब्यात काय आहे, हे पालकांनी विचारावे; त्यात कसलाही संकोच नसावा. आसनांच्या बाबतीतही हेच. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनास स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. मुलांस त्यातून प्रोत्साहन मिळते ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पदकासाठी कोवळ्या कण्याची ओढाताण होऊ नये.

दुसरा बोध क्रमाचा. आठवड्यातील दोन-तीन दिवस जोर, बैठका किंवा वजने; रोज थोडे चालणे; आणि रोज पंधरा-वीस मिनिटे आसने, प्राणायाम व शेवटी शवासन, एवढा नेम कोणत्याही नोकरदार गृहस्थास व गृहिणीस साधण्याजोगा आहे. आजोबांनी नातवाकडून भिंतीला टेकून जोर व खुर्चीवरून उठबस शिकावी. नातवाने आजोबांकडून शवासन शिकावे. आमच्या समजुतीप्रमाणे घरात हा एवढा व्यवहार सुरू झाला तरी दोन पक्षांचा जुना वाद आपोआप मिटेल. भगिनींविषयी तर आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वजन उचलल्याने स्त्रीचे शरीर पुरुषी होते ही समजूत निराधार आहे. उलट रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज रोखण्यास तिला त्याचीच अधिक गरज असते. औंधात शंभर वर्षांपूर्वी मुलींस जे मिळाले, ते आपल्या लेकी-सुनांस आज नाकारले जाऊ नये.

तिसरा बोध विद्येच्या उदारतेचा, आणि ज्ञातिसंस्थेच्या अंकात तो सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. मल्लपुराण हे एका ज्ञातीचे कुलधन होते. ते त्या ज्ञातीपुरतेच राहिले, आणि राजाश्रय संपल्यावर त्या मल्लांची परंपराही ओसरली. १९६४ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने तो ग्रंथ छापला, तेव्हा कोठे त्याची जगास ओळख झाली. याउलट मल्लखांब सर्वांस शिकविला गेला. परिणाम असा की, फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि परदेशी मुले-मुली त्यात उतरली. कोंडलेली विद्या संपते, वाटलेली वाढते. आपल्या ज्ञातीच्या सभागृहात किंवा वसतिगृहात व्यायामाचा वर्ग निघाला, तर त्याचे दार शेजारच्या वस्तीतील कोणत्याही मुलास व मुलीस उघडे असावे.

अशा वर्गास मोठे भांडवल लागत नाही. चार सतरंज्या, दोन जोड्या, काही डंबेल्स, दोरीचा एक मल्लखांब आणि दोन्ही विद्या जाणणारा एक प्रामाणिक शिक्षक एवढ्यावर आरंभ करता येतो. लग्नकार्याच्या दिवसांखेरीज आपली सभागृहे सकाळच्या वेळी बहुधा रिकामीच असतात. कार्यकारी मंडळाने याचा अवश्य विचार करावा, आणि ज्ञातिबंधू-भगिनींनी त्यास तन-मन-धनाने साहाय्य करावे, अशी नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.